खुर्ची कोणाची, बसतो कोण?

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीची हकिगत सांगताना चटईक्षेत्र, न्यायालयीन निवाडे आणि टोलेजंग मनोरे यांचीच चर्चा होते. त्या जमिनीविषयी सल्ला देणाऱ्या आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांत कोणाला बसवले गेले, हा प्रश्न तपशिलाचा म्हणून बाजूला सारला जातो. वास्तविक कामगारांचे जे नुकसान झाले, त्याची वाट या तपशिलातूनच गेली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाचे मूळ तत्त्व सरळ होते. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन या शहराच्या ऐन मध्यावर होती. १९९६ साली वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमण्यात आला. या जमिनींचा तुकड्यातुकड्याने नव्हे तर एकत्रित विचार करावा, असे त्याने सुचवले. तो अहवाल फडताळात गेला. २००१ साली नियमातच दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. म्हणजे जिच्यावर गिरणीची इमारत, शेड वा गोदाम उभे होते, ती जमीन इमारत पाडल्यावरही मालकाच्याच वाट्याची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती कितीशी असणार! २००५ साली उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम झाली.

याच नियमाखाली एक देखरेख समितीही होती. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष. सदस्य म्हणून गिरणीमालकांचा एक, मान्यताप्राप्त कामगार संघटनेचा एक, महापालिका आयुक्तांचा एक आणि शासनाचा एक प्रतिनिधी. कागदावर पाहिले तर कामगाराला खुर्ची मिळालेली आहे. मेख आहे ती ‘मान्यताप्राप्त’ या शब्दात.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक ठरवले आणि कामगारांच्या वतीने बोलण्याची मक्तेदारी तिला दिली. मुंबईच्या गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत वेतनाइतकीच ठळक मागणी ही मक्तेदारी मोडण्याची होती. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. अशा कामगारांच्या नावाची खुर्ची, त्यांनी ज्या व्यवस्थेविरुद्ध घरदार पणाला लावले, त्याच व्यवस्थेने मान्य केलेल्या संघटनेला मिळावी, यास प्रतिनिधित्व म्हणायचे काय? संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या सचोटीचा हा प्रश्न नव्हे. ते सारे साधुसंत असते तरी प्रश्न उरतोच, कारण त्यांना तेथे पाठवले होते कायद्याने, आणि कामगारांना त्यांना परत बोलावण्याचा अधिकार नव्हता. चाळींतील भाडेकरू, खानावळी चालवणाऱ्या बायका, गिरणीच्या पगारावर ज्यांची उधारी फिरत असे ते गिरणगावचे दुकानदार यांना तर नावापुरतीही खुर्ची नव्हती.

घरांसाठी कामगारांचे व वारसांचे सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ सालापासून निघालेल्या सोडतींत त्यातल्या थोड्यांचेच नशीब उघडले, आणि बाकीच्यांना शासन कर्जतच्या वाटेवरची शेलू-वांगणी दाखवू लागले.

हे सारे जुने झाले, असे म्हणून सुटका होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम २८ आजही तेच सांगते. शहराच्या विकास आराखड्यावरील हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. तिच्यावर स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती. तिच्यासाठी, कोळीवाड्यांसाठी, पागडीच्या भाडेकरूंसाठी या सातांत एकही जागा राखलेली नाही. त्यांनी हरकत नोंदवावी, क्रमांक पुकारला की चार मिनिटे बोलावे आणि घरी जावे. ऐकून घेतले जाणे आणि निर्णयात मत असणे यांतला फरक अर्जदाराला न्यायाधीश समजण्याइतका मोठा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला आराखडा इतका चुकांनी भरलेला होता की एप्रिलमध्ये शासनाला तो नव्याने करण्यास सांगावे लागले. या चुका हजारो नागरिकांनी आपापल्या गल्लीतून दाखवल्या, आराखडा मात्र तज्ज्ञांच्या टेबलावर तयार झाला होता.

जमिनीचे नियोजन हे शास्त्र आहे, त्यात हितसंबंधी लोक आणले तर समितीचा आखाडा होईल, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु जमिनीच्या प्रश्नात हितसंबंध नसलेला माणूस कोठे असतो? जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही. रस्ता, रेल्वे, पाणी आणि भोवतीची माणसे ती वाढवतात. अर्थशास्त्रात हिला अनर्जित वाढ म्हणतात, आणि ती कोणी घ्यावी हा वाटपाचा प्रश्न आहे, अभियांत्रिकीचा नव्हे. शिवाय ज्ञानाचा मक्ताही पदवीधरांकडेच नसतो. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, हजारो माणसे रोज त्याच जुन्या स्थानकांत उतरू लागली. एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलाचा धोका तेथून रोज जाणाऱ्या कारकुनाला ठाऊक होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. कोळीवाड्यात बोंबील सुकवण्याची जागा कोणती, हे तेथल्या बाईला विचारल्यावाचून कळत नाही. नकाशावर ती मोकळी दिसते, आणि मोकळ्या जमिनीचे काय होते ते वर आलेच आहे.

हे अव्यवहार्य म्हणावे तर २०१४ चा पथविक्रेता कायदा पाहावा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे संसदेने लिहून ठेवले. अंमलबजावणी रडतखडत झाली, मुंबईत निवडणुकीला २०२४ साल उजाडले. पण तत्त्व कायद्यात बसले. हातगाडीवाल्याला फुटपाथच्या तीन हातांपुरता जो अधिकार मिळतो, तो साऱ्या शहराच्या जमिनीबाबत तेथे राहणाऱ्यांना नाकारण्याचे कारण काय?

तेव्हा मागणी नेमकी असावी. कलम २८ खालील नेमणुकीच्या चार जागांपैकी निदान दोन, आणि पुढे समिती मोठी करून निम्म्या जागा, भाडेकरू, झोपडपट्टीवासी, कोळी व कामगार यांच्या नोंदणीकृत संस्थांनी गुप्त मतदानाने भराव्यात. निवडणाऱ्यांना परत बोलावण्याचा हक्क असावा. समितीचा अहवाल, भिन्नमतासह, शासनाकडे जाईल त्याच दिवशी मराठीत प्रसिद्ध व्हावा. दोन माणसे पाचांपुढे हरतील, हे खरे. पण ती कशासाठी हरली हे कागदावर येईल, आणि आज नेमके तेच टाळले जाते.

मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. त्याच्या पुढच्याचे सर्वेक्षण कित्येक वर्षे आधी सुरू होईल. दुरुस्ती व्हायची ती त्यापूर्वी व्हायला हवी, कारण समिती एकदा नेमली गेली की तिच्या रचनेविषयीची हरकत ऐकायलाही तीच समिती बसलेली असते.