नासधुशीवर उपाय तिकिटाचा नव्हे, देखरेखीचा



सहकुटुंब मोफत प्रवेशाचे दिवस ठेवले की जुन्या वास्तूंची नासधूस होते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटणारे नाही. भिंतींवर नावे कोरणारे तिकीट काढूनही येतातच.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहायला तिकीट नाही. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या या अष्टकोनी विहिरीत पायऱ्या उतरून गेले की तिच्या पोटातच छोटेखानी महाल लागतो. तीनशे वर्षांनंतरही तो उभा आहे.

केंद्रीय पुरातत्त्व खाते १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, आपल्या स्मारकांचे शुल्क माफ करत आले आहे. फ्रान्सने १९८४ मध्ये असाच उपक्रम सुरू केला आणि पुढे तो युरोपभर पसरला.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्प आहे. शेतमजुराच्या पोरांनी ती पाहायची कधी? तिथे आणि सांगलीच्या गणेशदुर्गातील राजवाडा परिसरात महिन्यातून एक रविवार मोफत ठेवावा. त्या दिवशी गटागटाने आत सोडावे आणि इतिहासाचे विद्यार्थी माहिती द्यायला उभे करावेत.

– एक वाचक, सातारा