पडेल गेम आणि फडके रोड

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये टीममधल्या एका नव्या पोराने मला रंगेहाथ पकडलं. मोबाईलवर आमच्या गेमच्या ग्रुपचा मेसेज उघडा होता. म्हणाला, "तू न्यू वर्ल्ड खेळतोस? अजून? अरे, तो डेड गेम आहे. निदान रिव्ह्यू तरी वाचायचेस!" हे त्याने ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात आमच्या धंद्यात फक्त "तुम्ही अजून कोबोल वापरता?" असं विचारतात.

तेव्हा उत्तर सुचलं नाही. नेहमीप्रमाणे ते ठाण्याहून परत येताना गाडीत, मुंब्र्याच्या आसपास सुचलं. दिव्याला दारात अशी काही गर्दी झाली की विचार अर्धवट राहिला. म्हणून हा शनिवारचा लेख.

ज्यांना या प्रकरणातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमएमओआरपीजी म्हणजे एक काल्पनिक जग, जिथे हजारो माणसं एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन वावरतात. लढतात, झाडं तोडतात, बाजार मांडतात, भांडतात. न्यू वर्ल्ड हा अमेझॉनचा असा गेम. २८ सप्टेंबर २०२१ ला आला. सुरुवातीच्या दिवसांत स्टीमवर एकाच वेळी ९,१३,६३४ माणसं त्यात होती. आत शिरायला तासन् तास रांग. डोंबिवलीकरांना रांगेचं काय कौतुक म्हणा, पण तरी.

आधी एक कबूल करतो: गेम वाईट निघाला. उगाच वकिली करत नाही. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे या गेमच्या चुका वाचताना मला एकाच वेळी हसू आणि घाम येत होता. चॅटमध्ये एचटीएमएल टाईप केलं की ते चक्क चालायचं. लोकांनी चॅटच्या चौकटीत भलेमोठे सॉसेजचे फोटो टांगले, काहींनी दुसऱ्यांचे गेम बंद पाडले. युजरने टाईप केलेल्यावर विश्वास ठेवू नये, हे कॉलेजातल्या पोरांना पहिल्या प्रोजेक्टमध्ये सांगतात हो! गेमची खिडकी माउसने धरून हलवत राहिलं की तुमच्या पात्राला इजाच होत नसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सोनं दुप्पट करण्याची युक्ती सापडली, तेव्हा कंपनीला साऱ्या जगातली देवाणघेवाणच थांबवावी लागली. एका क्षणात सगळा बाजार बंद. शिवाय वरच्या लेव्हलला पोचल्यावर करायला फारसं काही नव्हतंच. माणसं आली तशी गेली आणि डिसेंबर २०२१ पासून ओस पडलेले सर्व्हर एकमेकांत विलीन करायला सुरुवात झाली.

आणखी एक गंमत. ज्या कंपनीचं मुंबईत २०१६ पासून अख्खं क्लाउड रीजन आहे, तिच्या या गेमला भारतात सर्व्हर नव्हता. सिडनी नाहीतर युरोप. म्हणजे डोंबिवलीत बसून मारलेली तलवार आधी परदेशात जाणार आणि मग समोरच्याला लागणार.

मग तो पोरगा बरोबरच म्हणाला की!

नाही. इथेच माझं भांडण आहे.

रिव्ह्यू लिहिणारा प्रोग्राम तपासतो. ग्राफिक्स कसे, बग किती, कथा कशी, शेवटी करायला काय आहे. एकट्याने खेळायच्या गेमला हे पुरतं. पण एमएमओ ही वस्तू नाही, ती जागा आहे. आणि जागेची किंमत तिथे कोण भेटतं यावर ठरते.

पटत नसेल तर दिवाळीच्या पहाटे फडके रोडला या. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून अख्खं गाव तिथे लोटतं. गणपतीच्या देवळात डोकं टेकवायचं आणि रस्त्यावर उभं राहायचं. बस्स. आता त्या रस्त्याचा रिव्ह्यू लिहा बरं. "पार्किंग नाही. भयंकर गर्दी. पुढे सरकता येत नाही. करण्यासारखं काहीही नाही. एक तारा." अक्षर न् अक्षर खरं! तरीही शाळेतली जी पोरं वर्षभर फोन उचलत नाहीत ती त्या सकाळी तिथे हमखास सापडतात. ठाणेकर हेच राम मारुती रोडला आणि तलावपाळीला करतात. रेटिंग बघून त्यांच्यातलं कोणी घरी बसल्याचं मला तरी माहीत नाही.

आमचा न्यू वर्ल्ड म्हणजे असाच फडके रोड. आम्ही चौघं. २००५-०६ च्या सुमारास डोंबिवली पूर्वेच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर स्ट्राइक खेळायचो. लोडशेडिंग सुरू झालं की यूपीएस जेमतेम दहा मिनिटं टिकायचा, म्हणून त्या दहा मिनिटांत सगळेच शूर व्हायचे. पुढे एक टोरांटोला गेला, एक पुण्याला, एक कल्याणलाच राहिला, मी इथे. कल्याण-डोंबिवली अंतर ते किती! पण त्या मित्राला मी वर्षातून दोनदा भेटायचो, तेही लग्नात. मग २०२१ साल. दोन लसी झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकल उघडली होती, पण आम्ही घरातच डांबलेलो. गेम घेतला. युरोपचा सर्व्हर निवडला, कारण तो दोघांनाही सारखाच गैरसोयीचा. शनिवारी रात्री साडेनऊ म्हणजे टोरांटोची दुपार.

आणि आम्ही करायचो काय? मासे धरायचो. खरंच. त्या गेममध्ये मासेमारी आहे. चार पात्रं नदीकाठी उभी, गळ टाकलेला, आणि हेडफोनवर गप्पा. बायको म्हणायची, "एवढे पैसे घालून मासेच धरायचे होते तर खाडीवर जा."

२०२२ मध्ये कल्याणच्या मित्राचे वडील आजारी पडले. आयसीयूत होते. फोनवर तो "हो, ठीक आहे" याच्या पलीकडे बोलत नसे. आमच्या पिढीतल्या पुरुषांना फोन करून "मला भीती वाटते" म्हणता येत नाही, ते आपल्याला शिकवलेलंच नाही. पण एका शनिवारी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने गेम लावला. अर्धा तास नुसते मासे धरले. मग तो बोलायला लागला आणि पहाटे तीनपर्यंत बोलला. आम्ही गळ टाकत राहिलो. समोर तोंड नव्हतं, हाताला काम होतं, म्हणून ते निघालं. काका वाचले नाहीत. पण ती रात्र मी कुठल्याही दहापैकी दहा मार्कांच्या गेमशी बदलणार नाही.

तर पोरा, सांग मला, हे कुठल्या रिव्ह्यूत येतं?

यावर दोन आक्षेप येतात, त्यांचा समाचार घेतो.

पहिला: "मग चांगलाच गेम खेळा ना! फायनल फँटसी फोर्टीन आहे की." आहे, उत्तम आहे. पण त्याचा इतिहास ठाऊक आहे का? सप्टेंबर २०१० मध्ये तो आला तेव्हा इतका वाईट होता की कंपनीला माफी मागून मासिक फी थांबवावी लागली. एका कुंडीला खेळाडूच्या पात्राइतके पॉलिगॉन! नोव्हेंबर २०१२ मध्ये तो बंद केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवा करून उघडला. आमचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला तो नवा व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. (जपानी लोकांनी नव्याचं काम आधीच सुरू केलं होतं, हे पुलवाल्यांच्या वतीने सांगून टाकतो.) त्या वाईट दोन वर्षांत फी भरून टिकून राहिलेल्यांची नावं कंपनीने नव्या गेमच्या श्रेयनामावलीत घातली. उगाच नाही. ती माणसं नसती तर दुरुस्त कोणासाठी करायचं होतं?

दुसरा: "वेळ वाया जातो." जातो. म्हणून माझे दोन नियम आहेत. एकटं खेळायचं नाही, आणि आठवड्याचा एकच वार. रोज रात्री एकट्याने झाडं तोडत बसायची वेळ आली तर गेम चांगला असो वा वाईट, उठावं. आणि पडेल गेम वेगळा, लबाड गेम वेगळा. न्यू वर्ल्ड एकदा विकत घेतला की झालं, महिन्याची फी नाही. जो गेम दर पावलाला खिशात हात घालतो त्याची बाजू मी घेत नाही, मग त्याला कितीही तारे असोत.

आता मुख्य मुद्दा. पडेल सिनेमा वीस वर्षांनीही बघता येतो. पडेल पुस्तक रद्दीत सापडतं. पडेल ऑनलाइन गेम सर्व्हरबरोबर मरतो, तुम्ही पैसे मोजलेले असले तरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यू वर्ल्डमध्ये नवीन भर घालणं थांबवल्याचं जाहीर झालं. जानेवारी २०२६ मध्ये विक्री बंद झाली आणि सर्व्हर बंद करण्याची तारीख जाहीर झाली, ३१ जानेवारी २०२७. विकलेले गेम असे मारून टाकू नका म्हणून युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी २०२५ पर्यंत सह्या केल्या. त्यातून कायदा होईल तेव्हा होईल. तोवर या जगांना "नंतर बघू" नसतं.

म्हणजे आमचा हा नवा पोरगा रिव्ह्यू वाचत बसला आणि जागाच गेली. आज त्याला मनात आणूनही तो गेम विकत मिळत नाही. तेव्हा मंडळी, पुढचा एखादा ऑनलाइन गेम पडला आणि तुमच्या जुन्या टोळक्यातला एक जण जरी म्हणाला "येतोस का?", तर तारे मोजू नका. जा.

३१ जानेवारी २०२७ ला रविवार येतो. कॅलेंडरवर खूण केली आहे. टोरांटोवाल्याने विचारलं, शेवटच्या दिवशी कुठला मोठा राक्षस मारायचा?

कल्याणवाला म्हणाला, "राक्षस गेला खड्ड्यात. मासे धरू."