रायफल विकत घेता येते, नेम नाही

रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज. नवरात्राचा उत्सव संपून महाराजांची पालखी निघते तेव्हा रायगड पोलिसांची तुकडी सशस्त्र मानवंदना देते. देवासमोर शस्त्र उंचावण्याची ही परंपरा रोहेकरांना अभिमानाची वाटते आणि तशी ती वाटलीच पाहिजे. शस्त्र पूज्य आहे, कारण ते प्रजेच्या रक्षणासाठी आहे, हा संस्कार या भूमीत कोणा सरकारने परिपत्रक काढून रुजवलेला नाही. परंतु शस्त्रपूजा झेंडूच्या माळेशी आणि हळदकुंकवाशी संपत नाही. पूजिलेले शस्त्र प्रसंगी नेमके चालेल ना, याची वर्षभर काळजी वाहणे हा त्या पूजेचा उत्तरार्ध आहे. स्वतंत्र भारताने पूर्वार्ध उत्साहाने साजरा केला आणि उत्तरार्ध मात्र कारकुनांच्या हवाली केला.

अलीकडची उदाहरणे पाहावीत. २०१९मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० रायफली घेण्याचा करार झाला. ऑगस्ट २०२४मध्ये आणखी ७३,००० रायफलींचा करार झाला. दोन्ही वेळी वृत्तवाहिन्यांनी रायफलीचे वजन, लांबी आणि पल्ला यांची रसभरित वर्णने केली. या रायफलीत कोणते काडतूस जाणार, ते कोठे तयार होणार, त्याची पारख कोण करणार आणि जवानाला सरावासाठी त्यातली किती मिळणार, हे प्रश्न मात्र अपवादानेच ऐकू आले. रायफल छायाचित्रात शोभते. काडतूस पेटीत बंद असते. राष्ट्राच्या संरक्षणाचा विचार छायाचित्रांवरून होऊ लागला, की असेच घडायचे.

गडावरची तोफ आणि दारूची कोठी

रोह्याच्या परिसरातील अवचितगडावर आणि घोसाळगडावर जुन्या तोफा आजही पाहावयास मिळतात. गडावर जाणाऱ्या तरुणांचा ऊर त्यांच्या दर्शनाने भरून येतो. पण कोरडी दारू आणि मापाचा गोळा नसेल, तर तोफ म्हणजे लोखंडाचा ओंडका, हे त्या तोफा ओतविणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे विवेचन आहे, त्यात दारूखान्याची व्यवस्था बारकाईने सांगितलेली आहे. दारूखाना राहत्या घरांलगत असू नये, दारूस ओल लागू नये, ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे, असा तो दंडक आहे. आज ज्याला ‘गुणवत्ता नियंत्रण’ असे भारदस्त नाव दिले जाते, ते तीनशे वर्षांपूर्वी मराठी राज्यात हवालदाराचे नेमून दिलेले काम होते.

परक्याच्या दारूगोळ्याचा धडाही याच काळाने दिला. १६६०मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपली तोफ आणि दारूगोळा घेऊन शिवरायांविरुद्ध वेढ्यात सामील झाले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरच्या वखारीचा समाचार घेतला. दारूगोळा विकणारा व्यापारी कोणाचाही मित्र नसतो. तो आपल्या हिशेबाचा मित्र असतो. हे सत्य शिवरायांना कळले होते. दिल्लीतील कित्येक खरेदी समित्यांना ते अद्याप कळावयाचे आहे.

नेम कोठे असतो?

तोफेला जे लागू, तेच आजच्या नेमबाजाच्या रायफलीला अधिक कठोरपणे लागू आहे. सामान्य पायदळी जवानाची रायफल साधारणतः तीन-चारशे मीटरपर्यंत परिणामकारक मानली जाते. हजार मीटर आणि त्यापलीकडचे काम स्नायपरचे. या दोहोंमधील दरी भरून काढण्यासाठी तुकडीतच एक कुशल नेमबाज असतो आणि त्याच्या हाती अर्धस्वयंचलित रायफल असते. चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. त्यामुळे दुसरा नेम त्वरेने धरता येतो.

या रायफलीचा जन्म कोणत्या वेदनेतून झाला, हे जाणून घेण्यासारखे आहे. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहशतवाद्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले. विमानतळावरील अखेरच्या कारवाईत जर्मन पोलिसांच्या नेमबाजांकडे दुर्बीण नसलेल्या साध्या लष्करी रायफली होत्या. तेथे नेलेले नऊही ओलीस मारले गेले. या लाजिरवाण्या अपयशानंतर जर्मनीत पीएसजी-१ ही अर्धस्वयंचलित रायफल घडविण्यात आली. तीनशे मीटरवरून झाडलेल्या पन्नास गोळ्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत, अशी तिची कसोटी होती. भारताच्या राष्ट्रीय सुरक्षा दलानेही ती वापरली आहे. पण ही कसोटी उतरते ती निवडक, एकसारख्या ‘मॅच’ दर्जाच्या काडतुसांनी. त्याच नळीत मशीनगनसाठी घाऊक बनविलेले काडतूस घातले, तर ते बसते, सुटते आणि आवाजही तेवढाच होतो. नेम मात्र नाहीसा होतो.

भारतीय पायदळात दीर्घकाळ वापरात असलेली द्रागुनोव रायफल याचे बोलके उदाहरण आहे. १९६३मध्ये सोव्हिएत सैन्याने ती स्वीकारली, तेव्हा मशीनगनचेच काडतूस तिच्यात जात होते. पुरेसा नेम साधेना, तेव्हा सोव्हिएत तंत्रज्ञांनी केवळ तिच्यासाठी वेगळे काडतूस तयार केले. पुढे १९७०च्या दशकात चिलखतभेदी आगलावी गोळीही तिच्यातून झाडता यावी, म्हणून नळीच्या आतील आटे बदलले: पूर्वी ३२० मिलिमीटरमध्ये एक फेरा होता, तो २४० मिलिमीटरमध्ये आणला. परिणामी खास नेमबाजीच्या काडतुसाची अचूकता सुमारे एकपंचमांशाने घटली. गोळी आणि नळी यांचे नाते हे असे आहे. एकात केलेली तडजोड दुसऱ्यात प्रकट होते.

काडतुसात गोळी, पितळी पुंगळी, टोपी आणि दारू असे चार घटक. यांपैकी दारूचे वजन किंवा जळण्याचा वेग किंचित बदलला, तर नळीतून निघणाऱ्या गोळीचा वेग बदलतो. सेकंदाला ८४० मीटर वेगाने सुटणाऱ्या नेहमीच्या ७.६२ मिलिमीटर गोळीच्या वेगात १५ मीटरचा फरक पडला, तर सहाशे मीटरवर ती सुमारे बारा ते पंधरा सेंटिमीटर वर किंवा खाली लागते. ओलिसाच्या खांद्यामागून डोकावणारा दहशतवादी आणि तो ओलीस यांच्यातील अंतर याहून अधिक नसते. राजस्थानचा उन्हाळा आणि सियाचिनची थंडी यांत तीच दारू वेगवेगळ्या जोराने जळते. अर्धस्वयंचलित रायफलीत तर या जळण्यातूनच निर्माण होणारा वायू पुढचे काडतूस चढवितो. म्हणजे सदोष दारूने नेम तर चुकतोच, शिवाय ऐन वेळी रायफल अडकण्याचा धोकाही उभा राहतो.

हिशेब कोणी द्यायचा?

या पार्श्वभूमीवर देशाच्या महालेखापालांनी नोंदविलेली वस्तुस्थिती वाचावी. चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल एवढा दारूगोळा हाताशी असावा, असा सैन्याचा दंडक होता. मार्च २०१३मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी ८५ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरला नसता. सप्टेंबर २०१६मध्येही १५२पैकी ६१ प्रकारांची हीच अवस्था होती. उरीच्या हल्ल्यानंतर तातडीची खरेदी झाली, अधिकार लष्कराच्या उपप्रमुखांकडे दिले गेले, हे योग्यच झाले. परंतु आग लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय दशकानुदशके कोणी जोपासली, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

साठ्याइतकाच दर्जाचा प्रश्न गंभीर आहे. सदोष दारूगोळ्यामुळे २०१४पासून झालेल्या अपघातांत २७ जवान मृत्युमुखी पडले आणि १५९ जखमी झाले, तसेच ९६० कोटी रुपयांचा दारूगोळा वाया गेला, असा सैन्याच्या अंतर्गत अहवालातील निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. आयुध निर्माणी मंडळाने त्यावर आक्षेप घेतले. आकड्यांवर वाद घालण्याचा अधिकार मंडळाला होता. परंतु शहिदाच्या घरी वाद घेऊन जाता येत नाही.

आणि परदेशी खरेदीचे काय झाले? ८.६ मिलिमीटरच्या ५,७१९ स्नायपर रायफली आणि त्यांच्यासाठी एक कोटीहून अधिक काडतुसे घेण्याची मोठी निविदा निघाली. २०१९मध्ये ती रद्द करावी लागली. काडतुसे भारतात बनविण्याचे तंत्रज्ञान हा त्यातील कळीचा अडसर होता. रायफल विकण्यास सारे उत्सुक असतात. काडतुसाचे गुपित देण्यास कोणी उत्सुक नसते. कारण रायफल एकदाच विकली जाते, काडतूस जन्मभर.

रायगडच्या किनाऱ्याने हे सोसले आहे

हा सीमेवरचा प्रश्न, कोकणातल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. त्याने १९९३ आठवावे. जानेवारी आणि फेब्रुवारीत रायगडच्याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे, शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत २५७ निरपराधांचे प्राण गेले. न्यायालयाने सीमाशुल्क खात्यातील आणि पोलीस दलातील काही जणांनाही दोषी ठरविले. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ला, शत्रू पुन्हा समुद्रमार्गेच आला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या दोघांसमोर आमच्या शिपायांच्या हाती लाठ्या आणि .३०३ रायफली होत्या. तुकाराम ओंबळे यांनी केवळ काठीनिशी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि ते अमर झाले. त्यांच्या हौतात्म्यापुढे मस्तक नमवावे. परंतु त्यांना तसे लढावे लागले, याची शरमही त्याच मस्तकात जागी राहिली पाहिजे. राम प्रधान समितीने पोलिसांची शस्त्रसामग्री आणि सराव यांतील उणिवांवर बोट ठेवले. शौर्य हे उणिवांचे समर्थन होऊ शकत नाही.

येथे तीन प्रकारच्या मंडळींशी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. पहिली मंडळी स्वयंघोषित शांततावाद्यांची. संरक्षणावरील प्रत्येक रुपया त्यांना शाळा-रुग्णालयातून हिरावलेला वाटतो. त्यांनी म्युनिकचा धडा वाचावा. नेमकी गोळी रक्तपात कमी करते. गर्दीत बेछूट गोळीबार करावा लागतो तो नेम नसलेल्यांना. दुसरी मंडळी परदेशी मालाच्या भक्तांची. भारतात बनलेले ते निकृष्टच, हा त्यांचा वेदमंत्र. पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेने जानेवारी २०२४मध्ये ‘उग्रम’ ही ७.६२ मिलिमीटरची रायफल हैदराबादच्या खासगी कंपनीच्या साहाय्याने शंभर दिवसांच्या आत साकार केली, याकडे ते पाहणार नाहीत. तिसरी मंडळी मात्र आपलीच आहे. स्वदेशी या शब्दाआड सदोष माल लपविणारा कारखाना आणि सुधारणेचे नाव निघताच संपाचे हत्यार उपसणाऱ्या संघटना, मग त्यांत राष्ट्रीय विचारांचे लोक का असेनात, यांना माफी देता येणार नाही. स्वदेशी ही सवलत नाही, ती अधिक कडक कसोटी आहे.

जिल्ह्यातच उत्तर आहे

२०२१च्या विजयादशमीला आयुध निर्माणी मंडळाच्या जागी स्थापन झालेल्या सात कंपन्या राष्ट्राला अर्पण झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्याच्या खडकीत आहे. १८६९पासून तेथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. काडतुसांचा मोठा कारखाना जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे. म्हणजे भारतीय जवानाच्या नेमाचा मोठा भाग महाराष्ट्राच्याच हाती आहे.

काडतुसाची पारख कशी करावी, हे शिकण्यासही दूर जावे लागत नाही. अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या सुमा शिरूर यांची नेमबाजीची संस्था याच जिल्ह्यात, पनवेलला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकलाच विश्वविजेत्या झाल्या. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले. या पातळीवरील नेमबाज एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, परंतु वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या आपल्या स्वतःच्या नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट जुळेल, तोच जपून ठेवतात. एका पदकासाठी जी दक्षता, ती एका जवानाच्या प्राणासाठी नको काय?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. रायफल आणि काडतूस ही एकच खरेदी मानली जावी. नेमबाजाच्या रायफलीसाठी स्वतंत्र काडतूस भारतात बनावे आणि प्रत्येक लॉट त्याच रायफलीतून, उष्ण व थंड हवामानात तपासला जावा. सर्वांत कमी बोली, हा काडतुसाच्या निवडीचा निकष राहू नये. किनाऱ्यावरील पोलिसासह प्रत्येक सशस्त्र जवानाला सरावासाठी वर्षाला किती काडतुसे मिळाली, याचा हिशेब विधिमंडळात आणि संसदेत मांडला जावा. रायगड जिल्ह्यातील जागरूक नागरिकांनी येत्या दसऱ्यापूर्वी आपल्या आमदार-खासदारांना हा एकच प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे.