नाताळच्या आधी दार घासताना

नाताळ जवळ आला की मन्नाएखेळ्ळीला आमच्या घरी रंगकाम निघतं. जुन्या दाराला पॉलिश पेपर मारायचा, हिरवी भुकटी ओसरीभर, आणि त्यातच लहान पोरं खेळतात. आम्हीही तसेच वाढलो.

ही भुकटी म्हणजे नुसती धूळ नव्हे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. मूल बोटं तोंडात घालतं, शिसं पोटात जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे मूल अभ्यासात मागे पडलं की आपण म्हणतो, ‘डोकंच नाही त्याला!’

बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी या विषावर वर्षानुवर्षं काम केलं. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांना ९० पीपीएमची मर्यादा आली. पण कायदा नव्या डब्याला लागू होतो, आजोबांच्या काळातल्या दाराला नाही.

म्हणून यंदा दार कोरडं घासू नका. पाणी मारून घासा, पोरांना लांब ठेवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. बाळ येशूच्या गव्हाणीसाठी आपण आठवडाभर राबतो. घरातल्या बाळासाठी एक बादली पाणी जड आहे का?