मसुदा आयता, जबाबदारी आपली

सिंदी (रेल्वे) परिसरात मोठे मालवाहतूक केंद्र उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. अशा गावी नोकरदार येतात, खोल्या भाड्याने जातात आणि वकिलाची फी वाचविण्यासाठी घरमालक संगणकावरील आयता मसुदा उचलतो. नावे बदलली की करार तयार! त्यात गैर काही नाही. १८७२ चा करार कायदा मसुदा कोणी लिहिला, हे विचारीत नाही.

परंतु अन्य प्रांतांसाठी बेतलेल्या नमुन्यात महाराष्ट्राचा कायदा कोठून असणार? १९०८ चा नोंदणी कायदा वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करतो. त्यावरून ‘अकरा महिन्यांना नोंदणी नको’ हा समज रूढ झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ मात्र करार लेखी व नोंदणीकृतच हवा, असे बजावते. जबाबदारी घरमालकाची, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. शिवाय वाद उद्भवल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य!

मसुदा अवश्य स्वतः लिहावा, तोही उभयपक्षी समजेल अशा मराठीत. मात्र नोंदणी टाळू नये. शासनाने ती ऑनलाइन करण्याची सोय केलेली आहे. दिलेल्या शब्दाला जागणे हा आपला संस्कार खराच. तो शब्द नोंदलेला असला, तर शेजारधर्मही टिकतो.