किल्ला मातीचाच हवा, आणि तो पोरांनीच करायला हवा

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'दिवाळीत पार्किंगमध्ये माती, विटा, दगड आणू नयेत. ज्यांना किल्ला करायचा आहे त्यांनी रेडीमेड आणून आपापल्या दारात ठेवावा.' खाली धडाधड अंगठे. मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

आधी कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी मीही तो प्लास्टरचा तयार किल्ला आणला होता. ऑफिस, ट्रॅफिक, वेळ नाही वगैरे. लेकीने पाच मिनिटांत मावळे मांडले, महाराजांना सिंहासनावर बसवलं आणि विचारलं, "बाबा, आता काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. करायचं ते सगळं कारखान्यातच होऊन आलं होतं.

गेल्या वर्षी मात्र दोन पोती लाल माती आणली. विटांचे तुकडे, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि वर मातीचा लेप. राजगड करायचं ठरलं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. संजीवनी दोनदा ढासळली. तिसऱ्यांदा पोरांनीच शोधून काढलं की पायथा रुंद हवा. हळीव पेरलं, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा झाला. पाणी शिंपडता शिंपडता लेक म्हणाली, "एवढ्या वर माणसं पाणी कुठून आणायची?"

मंडळी, या एका प्रश्नासाठी दोन पोती माती स्वस्त आहे. मग खडकात खोदलेली टाकी आली, तळी आली. गड बांधायच्या आधी तिथलं पाणी बघा, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे, ते सांगता आलं. पोरांनी लगेच पद्मावती माचीवर वाटीएवढा तलाव खणला. प्लास्टरच्या किल्ल्यात तलाव निळ्या रंगाने रंगवून मिळतो. तिथे प्रश्नच पडत नाही.

गणितही यातच आलं. आपला मावळा साधारण 3 इंचाचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या बावीसाव्या हिश्शाएवढा. त्याच मापाने हजार फुटांचा डोंगर करायचा तर 45 फूट लागेल, म्हणजे चार मजले! हे कळल्यावर पोरं हसून हसून लोळली. पण चढून येणाऱ्या शत्रूची काय दशा होत असेल, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

आणि हा निव्वळ पोरखेळ आहे असं समजू नका. एच. जी. वेल्ससारख्या मोठ्या लेखकाने 1913 मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. आजही परदेशात नोकरी-धंदा करणारी माणसं 28 मिलिमीटरचे सैनिक बारीक ब्रशने रंगवतात, फोम कापून टेकड्या करतात आणि टेबलावर लढाया खेळतात. त्यासाठी चांगले पैसे मोजतात. आपल्याकडे हेच काम अंगणात, फुकटात, पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि आपण त्यावर नोटीस काढतोय.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. 11 महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आपण सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. राजगडही त्या यादीत आहे. मग तोच राजगड पार्किंगच्या कोपऱ्यात तीन फुटांचा झाला तर आपल्याला घाण का वाटते?

तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. माती वाहून गटार तुंबतं, दिवाळी संपली तरी ढिगारा तसाच पडून राहतो. पण त्यावर उपाय आहेत. एक कोपरा ठरवून द्या. खाली जाड प्लास्टिक अंथरा. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला उचलायचा आणि माती कुंड्यांत टाकायची, ही जबाबदारी पोरांची. प्लास्टरचा किल्ला फुटला की कचऱ्यातच जातो, त्याचं काय करणार?

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि दादा-भाऊंनाही एक विनंती. तयार किल्ल्याला बक्षीस नको. परीक्षकांनी पोरांना दोन प्रश्न विचारावेत: दरवाजा इथेच का, पाणी कुठे? पालकांनी केलेला किल्ला तिथेच उघडा पडेल. आणि तुमचा फ्लेक्स किल्ल्यापेक्षा मोठा नसावा, एवढं बघा.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या पोराने ढासळलेला बुरूज तीनदा उभा केलाय, ते उद्या खऱ्या गडाच्या तटावर खिळ्याने स्वतःचं नाव कोरणार नाही, असं मला वाटतं. निदान हात तरी थबकेल.

मी उद्याच कमिटीला पत्र देतोय. तुमच्या सोसायटीतही अशी नोटीस आली असेल तर गप्प बसू नका, एक कोपरा मागून घ्या.