मापाची पट्टी कोणाच्या हातीं?

सन २०२१ च्या जुलै महिन्यांत बल्गेरियांतील वार्ना या समुद्रकांठच्या शहरीं वाळूवरील हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धा झाल्या. तिसऱ्या क्रमांकासाठीं स्पेनशीं खेळतांना नॉर्वेच्या स्त्रियांच्या संघाकडून एक अपराध घडला. त्यांनीं प्रतिपक्षाच्या खेळाडूस पाडलें नाहीं, पंचाशीं हुज्जत घातली नाहीं, कीं उत्तेजक द्रव्याचें सेवन केलें नाहीं. नियमानें सांगितलेली बिकिनी न घालतां आंखूड चड्डी घालून त्या मैदानांत उतरल्या, एवढाच तो अपराध. युरोपीय हँडबॉल महासंघाच्या शिस्तसमितीनें त्यांचा पोशाख अनुचित ठरविला आणि दर खेळाडूमागें १५० युरो याप्रमाणें एकंदर १५०० युरो दंड केला. याच सुमारास इंग्लंडांतील एका स्पर्धेंत वेल्सची पॅरालिंपिक खेळाडू ऑलिव्हिया ब्रीन हिची लांब उडी संपल्यावर तिला अधिकाऱ्यांकडून ऐकावें लागलें कीं, तिची चड्डी फार आंखूड आहे व ती शोभत नाहीं. एकीकडे कापड जास्त झालें म्हणून दंड, दुसरीकडे कमी पडलें म्हणून कानउघाडणी!

या दोन घटना परस्परविरुद्ध आहेत असें वरवर पाहणारास वाटेल. आमच्या मतें त्या एकाच वृत्तीचीं दोन रूपें आहेत. दोन्ही ठिकाणीं खेळणारी स्त्री बाजूस राहिली आणि तिच्या अंगावरील कापडाचें माप घेणारा पुढें आला. म्हणून स्त्रीनें खेळतांना अंग किती झांकावें, हा मूळ प्रश्नच नव्हे. तें ठरविणारी पट्टी कोणाच्या हातीं असावी, हा खरा प्रश्न आहे. आणि ती खेळणारीच्याच हातीं असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें मत मांडतांना आम्हांस आधुनिक म्हणविणाऱ्यांशींही भांडावें लागणार आणि संस्कृतीचा कैवार घेणाऱ्यांशींही, याची आम्हांस जाणीव आहे.

प्रथम त्या नियमाचेंच स्वरूप पाहूं. स्त्रियांच्या बिकिनीची बाजूची रुंदी जास्तींत जास्त १० सेंटिमीटर असावी, ती अंगास घट्ट बसणारी व मांडीकडे वर तिरपी कापलेली असावी, असें त्यांत म्हटलें होतें. पुरुषांनाही नियम होता. त्यांची चड्डी फार ढगळ नसावी आणि गुडघ्याच्या वाटीपासून १० सेंटिमीटर वर असावी. आंकडा दोहोंकडे दहाच. परंतु पुरुषाच्या बाबतींत तो गुडघ्यापासून वर मोजावयाचा, तर स्त्रीच्या बाबतींत कमरेखालीं शिल्लक ठेवावयाच्या कापडाचा! वाळूंत खेळावयाचें तर कपडा कमीच हवा, असें याचें समर्थन केलें जातें. पण वाळू तीच, चेंडू तोच, ऊनही तेंच. मांडीवरील कापडानें खेळास अडथळा येत असता, तर तो पुरुषांच्याही खेळास आला असता. तसा तो आल्याचें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आंखूड कपडा खेळास कधींच आवश्यक नसतो, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पोहणारीस, धावणारीस, उडी मारणारीस तो सोयीचा वाटूं शकतो, आणि ब्रीनसारख्या खेळाडूनें तो आपण होऊन निवडला असेल तर त्यांत कोणीं तोंड घालण्याचें कारण नाहीं. वाळूवरील व्हॉलीबॉलचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. त्या खेळांतही स्त्रियांच्या बिकिनीच्या मापाचे नियम होते. २०१२ च्या लंडन येथील ऑलिंपिकपूर्वीं ते सैल करून चड्डी व बाह्यांचा सदरा घालण्यास मोकळीक देण्यांत आली. त्यानंतरही पुष्कळ जणींनीं बिकिनीच पसंत केली; रात्रीं गारठा पडला तेव्हां कांहीं जणींनीं लांब बाह्यांचे सदरे चढविले. आम्ही तर म्हणूं कीं त्या दोघीही योग्यच वागल्या, कारण दोघींनींही आपल्या अंगाचा व आपल्या खेळाचा विचार करून ठरविलें होतें. तीच बिकिनी सक्तीची असते तेव्हां ती गणवेश न राहतां प्रेक्षकांस केलेली विनवणी होते.

ही विनवणी कशासाठीं, तें सांगणारे लोकही भेटतात, आणि त्यांच्या स्पष्टवक्तेपणाबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. २००४ सालीं जागतिक फुटबॉल महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीं, स्त्रियांच्या फुटबॉलकडे लोकांचें लक्ष वेधावयाचें तर त्यांनीं अधिक घट्ट चड्ड्या घालाव्या, असा उपाय सुचविला होता. २०११ सालीं जागतिक बॅडमिंटन महासंघानें खेळ आकर्षक दिसावा म्हणून वरच्या दर्जाच्या स्पर्धांत स्त्रियांवर स्कर्टची सक्ती करण्याचा घाट घातला. विरोध झाल्यामुळें तो नियम लांबणीवर पडला व २०१२ सालीं रद्द झाला. त्याच वर्षीं सायना नेहवालनें लंडन येथें कांस्यपदक मिळविलें आणि २०१६ सालीं पी. व्ही. सिंधूनें रिओ येथें रौप्यपदक. सिंधू व कॅरोलिना मारिन यांचा तो तीन डावांचा सामना आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं श्वास रोखून पाहिला असेल. दोघींनीं त्या दिवशीं स्कर्ट घातला होता कीं चड्डी, हें आज त्यांपैकीं कितीजणांस आठवतें? खेळ कसाला लागला म्हणजे पोशाखाकडे लक्ष जात नाहीं. ज्यांस खेळाच्या गोडीवर भरंवसा नाहीं, तेच कापड कमी करून गिऱ्हाईक वाढवूं पाहतात.

येथवर वाचून आमच्यांतील संस्कृतिरक्षक मंडळी समाधानानें मान डोलवीत असतील. "पाहा, तिकडील मुलींनाही आतां अंग झांकावेंसें वाटूं लागलें!" असे उद्गार नॉर्वेची हकीकत वाचून काढणारे एक वृद्ध स्नेही आमच्याच ओळखीचे आहेत. परंतु हा आनंद अस्थानीं आहे. नॉर्वेच्या मुलींनीं मर्यादेचा पक्ष घेतला नाहीं, निवडीचा घेतला. मर्यादेच्या नांवाखालीं पट्टी हातीं घेणारे त्यांना तितकेच परके आहेत. २००५ सालीं सानिया मिर्झा हिच्या टेनिसच्या स्कर्टविरुद्ध एका मौलवीनें फतवा काढला, तेव्हां त्याला हंसणारीं कित्येक सुशिक्षित घरें आम्हीं पाहिलीं. आणि त्यांतल्याच कांहीं घरांत मुलीचें कबड्डी खेळणें आठव्या इयत्तेनंतर बंद झालेलें होतें. फतवा कोणीं काढला नव्हता. "आतां ती मोठी झाली," एवढ्या वाक्यानें काम भागलें होतें.

दोन्हीकडून पट्टी लागली म्हणजे काय होतें, तें पाहावयाचें असेल तर इराणच्या मुलींकडे पाहावें. २०११ सालीं अम्मान येथें ऑलिंपिकच्या पात्रतेसाठीं जॉर्डनशीं त्यांचा फुटबॉलचा सामना होता. डोकें झांकणारें वस्त्र त्यांच्या देशांत सक्तीचें आणि जागतिक महासंघाच्या मैदानावर निषिद्ध! सामना न खेळतांच त्या हरल्या. महासंघानें ती बंदी २०१४ सालीं उठविली. परंतु त्या दिवशीं मैदानाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलींचा सामना कोणीं परत दिला नाहीं. सक्ती करणारे आणि बंदी घालणारे एकमेकांचे शत्रु होते खरे, पण त्या मुलींच्या बाबतींत दोघांनीं मिळून एकच काम केलें.

आणि संस्कृतीचीच साक्ष काढावयाची तर ती या मंडळींच्या बाजूनें पडत नाहीं. आमच्या आज्यापणज्यांचें नऊवारी लुगडें कासोटा घालून नेसलेलें असे, आणि त्यांत पाय मोकळे राहत. कोंकणांत भाताच्या लावणीस उतरलेली बाई आजही लुगडें गुडघ्यापर्यंत खोंवून चिखलांत उभी राहते. त्या उघड्या पोटऱ्या पाहून संस्कृति बुडाल्याची ओरड कोणीं केल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणजे स्त्रीचे पाय कष्टासाठीं उघडे पडले तर चालतात. त्याच पायांनीं ती आनंदासाठीं धावूं लागली कीं मात्र आमची दृष्टि खालीं जाते. उलट आखाड्यांत नुसता लंगोट लावून उतरणाऱ्या मल्लाकडे सारें गांव पाहतें, पण तें पाहतें त्याचा डाव. त्याच्या कपड्यांविषयीं त्याच्या बापास कोणी टोंकीत नाहीं.

यावर शेवटचा युक्तिवाद असा येतो कीं, "मुली तर कांहीं तक्रार करीत नाहींत." या युक्तिवादाचें उत्तर देण्यास आम्ही विशेष पात्र आहों, कारण तो आम्हीं स्वतः केलेला आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवीत होतों, तेथील जिमखाना समितीचें काम आमच्याकडे होतें. मुलींच्या खो-खो संघाचा गणवेश ठरविण्यास आम्ही तिघे प्राध्यापक बसलों. तिघेही पुरुष. पांढरा सदरा व पांढरी अर्धी चड्डी ही महाविद्यालयाची जुनी रीत. छायाचित्रांतही ती उठून दिसते. ठराव पांच मिनिटांत झाला. दुसऱ्या दिवशीं संघाची कर्णधार दारापाशीं घुटमळली आणि म्हणाली, "सर, यंदा गडद रंग घेतला तर चालेल का?" कारण विचारल्यावर ती नुसतीच खालीं पाहूं लागली. आम्हीं परंपरेवर दोन शब्द ऐकवून तिला परत पाठविलें. अंतिम सामन्याच्या दिवशीं संघांतील दोघी उत्तम खेळाडू आल्याच नाहींत. पोट दुखतें, असा निरोप आला. सामना आम्ही हरलों आणि मुलींच्या अंगीं चिकाटी नाहीं, असें त्या रात्रीं जेवतांना घरीं बोलून गेलों. तेव्हां आमच्या पत्नीनें ताट पुढें सारीत शांतपणें विचारलें, "पांढरी चड्डी तुम्हांला महिन्याचे तीसही दिवस चालली असती, नाहीं का?" एवढीं वर्षें शिकविण्यांत घालवून जें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें, तें त्या एका प्रश्नानें आलें. मुली तक्रार करीत नव्हत्या असें नाहीं. त्यांची तक्रार दारापर्यंत येऊन परत गेली होती.

आमचें अज्ञान एकट्याचें नव्हतें, हें कांहीं समाधान नव्हे. विंबल्डन येथें स्त्रियांची टेनिसस्पर्धा १८८४ सालीं सुरू झाली. नखशिखांत पांढऱ्या पोशाखाच्या तेथील कडक नियमांतून स्त्रियांना आंतील चड्डी गडद रंगाची घालण्याची सवलत मिळावयास २०२३ साल उजाडावें लागलें. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिति १८९४ सालीं स्थापन झाली. तिच्या सभासदांत पहिल्या दोन स्त्रिया १९८१ सालीं आल्या, आणि अध्यक्षपदीं कर्स्टी कोव्हेंट्री या पहिल्या स्त्रीची निवड २०२५ सालीं झाली. ज्या बैठकींत स्त्री नाहीं, तेथें स्त्रीची अडचण कोणास सुचणार?

तथापि वरच्या खुर्चीवर स्त्री बसली म्हणजे सारें झालें, असेंही समजूं नये. आयर्लंडांत कॅमोगी हा स्त्रियांचा मैदानी खेळ आहे व त्याची संस्थाही त्यांची स्वतंत्र आहे. तेथें खेळाडूंना स्कर्टसारखी दिसणारी चड्डी सक्तीची होती. २०२५ च्या मे महिन्यांत डब्लिन व किल्केनी येथील दोन्ही संघ साध्या चड्ड्या घालून मैदानांत उतरले, तेव्हां त्यांना सांगण्यांत आलें कीं, कपडे बदला, नाहीं तर सामना होणार नाहीं. त्याच महिन्यांत खास सभा भरली आणि ९८ टक्के मतांनीं निवडीची मोकळीक मंजूर झाली. खेळणाऱ्यांचा आवाज ऐकूं येतांच जो नियम इतक्या सहज मोडून पडतो, तो इतकीं वर्षें उभा होता केवळ न विचारण्याच्या आधारावर.

वार्नाच्या दंडाचा शेवटही असाच झाला. जगभर नाचक्की झाल्यावर आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघानें २०२२ च्या आरंभापासून बिकिनीची सक्ती काढून आंखूड चड्डी मान्य केली. परंतु नव्या नियमांतही स्त्रियांची चड्डी अंगास घट्ट बसणारीच हवी, हा शब्द राहिला. पुरुषांची नुसती फार ढगळ नसली म्हणजे झालें. पट्टी कांहीं बोटें खालीं सरकली, हात मात्र तोच राहिला.

आमची मागणी फार मोठी नाहीं. गणवेशानें संघ ओळखूं यावा, क्रमांक दिसावा, इजा होऊं नये. एवढें मागण्याचा नियमास अधिकार आहे, आणि तो स्त्रीपुरुषांस सारखाच लागू असावा. त्यापलीकडे चड्डी लांब कीं आंखूड, डोकें झांकलेलें कीं उघडें, हें खेळणारीनें ठरवावें. आणि हें केवळ महासंघांनींच शिकावयाचें आहे, असें नाहीं. ज्या घरांत हा अंक वाचला जात असेल, त्या घरांतही एखादी मुलगी दारापाशीं घुटमळत असेल. तिनें बोलण्याची वाट न पाहतां तिला आधीं विचारावें.

आम्हीं पुढील वर्षीं विचारलें. मुलींनीं गडद निळा रंग निवडला. कोणी अर्धी चड्डी घेतली, कोणी पायघोळ विजार. छायाचित्र पूर्वीसारखें उठून दिसलें नाहीं. त्या वर्षीं अंतिम सामन्यास सगळ्या आल्या.